गुरुवारचा कागद

हॉटेलातल्या लिनन रूमच्या, म्हणजे चादरी-अभ्रे ठेवायच्या खोलीच्या, दाराशेजारी एक बोर्ड होता. हिरव्या कापडाचा, टाचण्यांनी पार चाळण झालेला. त्यावर फायर ड्रिलची सूचना, कुणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रण, नेमप्लेट हरवल्याची चिठ्ठी असं काहीबाही असायचं आणि मधोमध रोस्टर, म्हणजे कुणाची ड्युटी कधी त्याचा तक्ता. दर गुरुवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं रोस्टर लागायचं. लागायचं म्हणजे, लागायला हवं होतं. कधी शुक्रवारी लागे, कधी शनिवारी. एकदा तर रविवारी रात्री साडेदहाला लागलं. सोमवारी सकाळी सहाला कोण येणार हे त्या कागदावर होतं, आणि ज्यांनी यायचं त्यातले निम्मे तेव्हा लोकलमध्ये उभे होते.

रोस्टर वाचायची एक पद्धत असते. ते नुसत्या डोळ्यांनी कुणी वाचत नाही. आपलं नाव सापडेपर्यंत बोट खाली उतरतं, मग नावावरून आडवं सरकायला लागतं. एम, एम, ई, ई, एन, ओ. मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट, ऑफ. 'ओ' सापडला की बोट थांबतं आणि एक घर मागे येतं, कारण ऑफच्या आधी काय आहे त्यावर ऑफ खरा की खोटा ते ठरतं. आधी नाईट असेल तर ती सुट्टी नव्हे, नुसती झोप. सकाळी सातला सुटायचं, नऊला घरी पोचून आडवं व्हायचं, जाग येते तेव्हा पोरांच्या शाळा सुटलेल्या असतात आणि सुट्टीही जवळपास संपलेली. कागदोपत्री मात्र आठवड्याची सुट्टी दिलेली असते. शनिवारपर्यंत त्या कागदावर बोटांचे राखाडी डाग पडलेले असायचे.

मी २००२ मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला ट्रेनी म्हणून लागले आणि २०२१ मध्ये एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, म्हणजे त्या विभागाची प्रमुख, म्हणून हा धंदा सोडला. मध्ये तीन हॉटेलं झाली. आता कॅटरिंग कॉलेजात शिकवते. (माझ्या आईला अजूनही मी 'हॉटेलात' होते हे सांगताना अवघडायला होतं. आपल्याकडे हॉटेल म्हटलं की मिसळ आणि फडकं मारणारा पोरगा डोळ्यांपुढे येतो. तो पोरगाही आमच्यातलाच, त्याच्याकडे येतेच.) मागच्या वर्षी कॉलेजच्या एका चर्चासत्रात मला विषय दिला होता 'नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य'. मी नीट तयारी केली. स्लाइड केल्या. त्यात योगदिन होता, समुपदेशनाची हेल्पलाइन होती, 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा फोटो होता. आदल्या रात्री सगळं एकदा वाचून पाहिलं आणि वाटलं, १९ वर्षांत यातल्या एकाही गोष्टीने माझ्या हाताखालच्या कुणाला एक रात्र जास्त झोप लागल्याचं मला आठवत नाही. आठवत होता तो गुरुवारचा कागद.

आता दोन साहेबांची गोष्ट सांगते.

पहिले साहेब फार गोड. 'बेटा'शिवाय बोलायचे नाहीत. वाढदिवसाला केक. ब्रीफिंगला टाळ्या. ट्रेनींच्या आईवडिलांची चौकशी. पाहुण्यांनाही ते आवडायचे आणि जीएमलाही (जनरल मॅनेजरला). पण रोस्टर त्यांच्या मनावर असायचं. लावलेलं रोस्टर ते पेनाने खोडायचे आणि वर लिहायचे, त्या खोडण्याला कारण नसे. इव्हनिंगनंतर लगेच मॉर्निंग लावायचे. इव्हनिंग संपते अकराला, पण शेवटचा टर्नडाऊन (पाहुण्याचा बेड रात्रीसाठी लावून देणं), ट्रॉली भरून ठेवणं, चाव्या जमा करणं यात साडेअकरा-पावणेबारा होतात. नालासोपाऱ्याचा माणूस घरी पोचतो दीडला. सकाळी सहाच्या शिफ्टला साडेतीनला उठायचं. काहीजण घरी जायचेच नाहीत, लिनन रूममध्ये मळक्या ड्युवेंच्या, म्हणजे रजयांच्या, गाठोड्यांवर झोपायचे. तिथे झोपणं नियमाविरुद्ध होतं. साहेबांना ते माहीत होतं आणि ते काणाडोळा करायचे, आणि आम्ही त्याला चांगुलपणा म्हणायचो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर असं ठरवून दिलं. त्याच्या आधीच्या जुन्या कायद्यातही तासांची मर्यादा होतीच. पण कायदा तास मोजतो, नालासोपारा मोजत नाही. ते मोजायचं की नाही हे रोस्टर करणाऱ्याच्या हातात असतं.

एकदा सहाव्या मजल्यावरच्या एका पाहुण्याची अंगठी हरवली. त्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी १४ वर्षं त्या हॉटेलात होत्या. साहेबांनी त्यांना खाली बोलावलं. 'बेटा, फॉर्मॅलिटी आहे,' असं म्हणून सगळ्यांसमोर त्यांचा लॉकर उघडायला लावला. लॉकरमध्ये डबा, एक साडी, खोबरेल तेलाची बाटली आणि देवीचा फोटो. हे सगळं बाकावर मांडून झालं. अंगठी तासाभराने पाहुण्याच्याच शेव्हिंग किटमध्ये सापडली. पाहुण्याला झाल्या मनस्तापाबद्दल फळांची टोपली गेली. मावशींच्या पाठीवर थाप पडली. त्यानंतर मावशींचं डोकं दुखायला लागलं. दर सोमवारी. १४ वर्षांत ज्यांनी सिक लीव्ह मागितली नव्हती त्या बाई महिन्यातून तीन सोमवार घरी राहायला लागल्या, आणि साहेबांनी फाइलमध्ये 'अनियमित' असा शेरा मारला.

दुसऱ्या हॉटेलातल्या मॅडम अगदी उलट्या. जिभेला हाड नव्हतं. बेडशीटचा कोपरा सैल दिसला तर अख्खा बेड उपसून टाकायच्या. कौतुक हा शब्दच त्यांना ठाऊक नसावा. मी तिथे लागले त्या दिवशी जुन्या लोकांनी सांगितलं, 'जपून राहा.' पण दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की इथे लोक टिकून आहेत. आठ वर्षं, अकरा वर्षं. सिक लीव्हचं रजिस्टर जवळजवळ कोरं. पॅन्ट्रीत लोक त्यांची नक्कल करून हसायचे, म्हणजे त्यांच्याबद्दल हसता येत होतं. पहिल्या साहेबांबद्दल आम्ही कधी हसलो नव्हतो.

त्यांचं रोस्टर गुरुवारी पाचला लागायचं. घड्याळ लावून घ्यावं. आणि लागलं की बदलत नसे. बदलायचंच झालं तर त्या स्वतः मजल्यावर येऊन त्या माणसाला विचारायच्या, त्याच वैतागलेल्या आवाजात. तो 'नाही' म्हणाला तर दुसऱ्याकडे जायच्या. 'नाही' म्हटल्याचं पुढे काही व्हायचं नाही. हे 'पुढे काही न होणं' हॉटेलात किती दुर्मीळ आहे ते तिथे काम केलेल्यालाच कळेल.

एकदा त्या रजेवर असताना रोस्टर माझ्याकडे आलं. सोबत त्यांनी एक वही दिली. शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलेली. आत प्रत्येकाचं एक पान. पेन्सिलीने लिहिलेलं. एका नावापुढे होतं, 'पाणी ५ ते ६.' मला अर्थ लागेना. मग कळलं, त्या बाई भांडुपच्या चाळीत राहतात, नळाला पाणी पहाटे पाच ते सहा येतं आणि भरायला घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा यांना सहाची शिफ्ट लावायची नाही. दुसरीकडे, 'सासू, डायलिसिस, मंगळ-शुक्र.' एका मुलाच्या पानावर, 'नाईट मागून घेतो. का ते विचारायचं नाही.' आणखी एका पानावर नुसती तारीख होती आणि पुढे 'वर्षश्राद्ध'. ही माहिती त्यांनी काही फॉर्म भरून घेतलेली नव्हती. बेड उपसता उपसता मिळवलेली होती. पेन्सिलीने का, तर चाळीत नळाची वेळ बदलते आणि सासवा कायम राहत नाहीत. हे स्पष्टीकरण त्यांचंच, त्यांच्याच शब्दांत.

त्या वहीपुढे हॉटेलांमधले पुष्कळ 'वेलनेस' कार्यक्रम मला आजही फिके वाटतात.

रेस्टॉरंटवाल्यांचे हाल आमच्याहून निराळे. त्यांना ब्रेक शिफ्ट. सकाळी अकरा ते तीन, मग संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर आठच तास. मधले चार तास कुणाचे? पगार नाही म्हणजे हॉटेलचे नाहीत. घरी जाऊन येता येत नाही म्हणजे आपलेही नाहीत. लोक ओव्हल मैदानावर झाडाखाली पडायचे, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचे. आमच्यातल्या एका कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या मुकादमाने, सोय शोधली होती. त्याच्याकडे विरारचा पास होता. तो चर्चगेटला खिडकीजवळची जागा पकडून स्लो गाडीत बसायचा आणि झोपायचा. विरारला गाडी रिकामी होऊन परत भरायची, हा तसाच. साडेतीन तासांनी परत चर्चगेट. 'विरारला काय आहे बघितलंस का कधी?' असं कुणीतरी विचारलं तर म्हणाला, 'फलाटाचं छत बघितलंय.' त्याचा मॅनेजर कँटीनशेजारच्या रिकाम्या स्टोअरमध्ये चार गाद्या टाकू शकला असता. पुढे नव्या मॅनेजरने टाकल्या. खर्च विचाराल तर एका टेबलाच्या बिलापेक्षा कमी आला असेल.

त्या फडकं मारणाऱ्या पोराकडे आता येते. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांमध्ये दक्षिण कानड्यातून आलेली मुलं हॉटेलातच राहायची, बाकं जोडून झोपायची. हे काही सुखाचं आयुष्य नव्हतं, त्याला उगाच सोनं लावायचं कारण नाही. पण यातली कितीतरी मुलं रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाली, पुढे बँकांत लागली, वकील झाली. ते कसं झालं? गल्ल्यावर बसलेल्या मालकाने संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, डोसे खपायच्या ऐन वेळी, पोराला शाळेत जाऊ दिलं म्हणून. सगळेच मालक तसे नव्हते. जे होते त्यांनी नेतृत्वाचं कुठलंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी पोराचे दोन तास त्याला परत दिले, एवढंच.

पंचतारांकितात हेच अवघड होऊन बसतं, कारण मधे पाच पायऱ्या असतात. रिट्झ-कार्ल्टन या हॉटेल साखळीची एक गोष्ट आमच्या धंद्यात तोंडपाठ असते. तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, वर विचारावं लागत नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट मोठ्या पडद्यावर दाखवली. दुपारी मजल्यावर गेलो तर पाहुण्याला तिसरी पाण्याची बाटली द्यायला सुपरवायझरची सही लागत होती. सुपरवायझर जेवायला गेलेली. पाहुणा दारात उभा, रूम बॉय ट्रॉलीपाशी उभा, बाटल्या ट्रॉलीत. चार वर्षं धंद्यात असलेला तो मुलगा पाहुण्याच्या नजरेत चोरासारखा दिसत होता. हातात अधिकार नसला की माणूस आतून दमतो. पायांचं दुखणं रात्री जातं, हे जात नाही.

दुसऱ्या हॉटेलातले एक जीएम मात्र लक्षात राहिले आहेत ते वरणामुळे. तोवरच्या जीएमनी स्टाफ कँटीनला भेट द्यायची म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, बाराच्या ठोक्याला. त्या दिवशी वरण घट्ट, भाजीत पनीर, टेबलावर स्वच्छ प्लास्टिक. हे नवे जीएम एक दिवस न सांगता पावणेतीनला आले. पावणेतीनला कँटीनमध्ये आम्ही हाउसकीपिंगवाले असतो, कारण चेकआउट रूम बाराला मोकळ्या होतात, दोनला पुढचा पाहुणा दारात असतो, आणि एकेकाला १४ रूम करायच्या असतात. आमचं जेवण नेहमीच भांड्याच्या तळाचं. त्यांनी ताट घेतलं, रांगेत उभे राहिले. वाढणाऱ्याचा हात थरथरत होता. वरण म्हणजे पिवळं पाणी, भात कडेचा, पोळ्या संपलेल्या. ते आमच्याच टेबलावर बसले आणि सगळं जेवले. काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता उद्या कुणाची तरी नोकरी जाणार. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते परत पावणेतीनला आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून पावणेतीनच्या पोळ्या वेगळ्या, अडीचला लाटल्या जायला लागल्या. त्यांनी कुणाला मेमो दिल्याचं मला तरी आठवत नाही. महिन्यातून दोन-तीनदा ते येत राहिले, आणि कधी येणार ते कुणाला ठाऊक नसे.

याच जीएमनी रिसेप्शनच्या मुलामुलींसाठी काउंटरमागे उंच स्टुलं ठेवायला लावली होती. तेवढ्यावरून मुख्यालयाशी त्यांचं वाजलं. ब्रँडच्या नियमात पाहुण्यापुढे बसायचं नसतं. मला आठवतं, तिथली पोरं दिवाळीतही पायांना क्रेप बँडेज बांधून वर मोजे चढवायची. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, तो मुख्यतः कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी आवाज उठवला म्हणून. बसू देण्यासाठी कायदा करावा लागतो यातच पुष्कळ काही आलं.

किचनबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण तिथल्या शिव्या तीन मजले वर लिनन रूममध्ये ऐकू यायच्या. शेफनी ओरडायचंच असतं, तो परंपरेचा भाग आहे, असं सांगतात. परंपरा म्हणजे ऑगस्त एस्कॉफिए. आज जगभरच्या किचनमध्ये जी 'ब्रिगेड' असते, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, ती घडी या फ्रेंच माणसाने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९० नंतर बसवली. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्यात स्वयंपाकी होता, तिथली शिस्त त्याने किचनमध्ये आणली. पण गंमत अशी, की किचनमधली शिवीगाळ त्यानेच बंद केली. भट्टीपुढे घामाघूम होणारे आचारी दारू ढोसायचे, म्हणून त्याने त्यांच्यासाठी बार्लीचं पेय ठेवायला लावलं. राग आला की तो स्वतः किचनबाहेर निघून जायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. देवमाणूस वगैरे नव्हता हं, १८९८ मध्ये सॅव्हॉयने त्याला व्यवहारातल्या गडबडीवरून काढून टाकलं. पण आपल्या धंद्याने त्याच्याकडून काय उचललं बघा. ब्रिगेड घेतली, सॉस घेतले. बार्लीचं पाणी तिथेच राहिलं.

हसण्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये या कष्टाला नाव दिलं. भावनिक श्रम. आत काहीही चालू असो, चेहऱ्यावर नेमून दिलेली भावना आणायची आणि त्याचा पगार घ्यायचा. हॉटेलात हे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालतं. माझ्या कडक मॅडमना हे नाव ठाऊक असण्याची शक्यता नाही. पण पाहुणा एखाद्या मुलीवर ओरडून गेला, की त्या तिला घेऊन लिनन रूममध्ये यायच्या, दार लावायच्या आणि उशांचे अभ्रे मोजायला बसवायच्या. 'मोज दोनशे.' अभ्रे मोजलेलेच असायचे. ती मुलगी रडत रडत मोजायची आणि तोवर मॅडम तिच्या मजल्यावर स्वतः उभ्या असायच्या. पंधरा मिनिटांनी यायच्या. 'किती झाले?' 'एकशे चाळीस, मॅडम.' 'चुकलीस. जा वर.'

आणि आता माझी पाळी.

२०१५ नंतर तिसऱ्या हॉटेलात रोस्टर माझ्या हातात आलं. वही मीही केली. कव्हरही घातलं. पण ऑक्युपन्सी (भरलेल्या खोल्या) ९० टक्क्यांवर, माणसं कमी, वरून रोज मेल, आणि घरी माझे वडील आजारी. वर्षभरात ती वही ड्रॉवरच्या तळाशी गेली. आमच्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पोरं बरीच होती. गणपतीला गावी जाणं हा त्यांच्यासाठी रजेचा नव्हे, श्वासाचा प्रश्न. त्या काळात कोकण रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं आणि काही मिनिटांत भरायचं. (नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे.) म्हणजे तिकीट चार महिने आधी काढायचं आणि रजा मिळणार की नाही ते चार दिवस आधी कळायचं. हे मला कळत होतं. तरी त्या वर्षी एका मुलाची रजा मी चतुर्थीच्या पाच दिवस आधी कापली. एक मोठं लग्न आलं होतं, हे खरं. पण त्याच्या दोन आठवडे आधी ब्रीफिंगमध्ये तो मला सगळ्यांसमोर उलट बोलला होता, हेही खरं. कुणाचा 'ओ' खोडायचा हे ठरवताना माझं पेन त्याच्याच नावावर गेलं, आणि ते तिथे का गेलं ते मला त्या क्षणीही ठाऊक होतं. पेन म्हणतेय. पेन्सिल कधीच सुटली होती.

तो काही बोलला नाही. तिकीट रद्द केलं. पाच दिवस कामाला आला, १४ रूम केल्या, प्रत्येक बेडचा कोपरा काटेकोर. विसर्जन करून सगळे परत आल्यावर त्याने राजीनामा दिला. एचआरने जाताना घेतलेल्या मुलाखतीत कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. त्या कागदावर खाली माझी सही आहे.

आमच्या क्षेत्रात नेतृत्वाचा विषय निघाला की मुंबईतली माणसं २६ नोव्हेंबर २००८ कडे वळतात. त्या रात्री मी उपनगरातल्या हॉटेलात ड्युटीवर होते, लॉबीतल्या टीव्हीसमोर सगळा स्टाफ उभा होता. ताजचे तेव्हाचे जनरल मॅनेजर करंबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्या इमारतीत मृत्युमुखी पडली आणि तरी ते पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. वेटर, आचारी, टेलिफोन ऑपरेटर दरवाजे माहीत असूनही पळाले नाहीत, काही जणांचा जीव गेला. तीन वर्षांनी हार्वर्डच्या अभ्यासकांनी याची कारणं शोधताना लिहिलं, की ताज मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतून मुलं निवडत असे आणि त्यांना १८ महिने शिकवत असे. मला त्या रात्रीच्या शौर्याबद्दल बोलायला संकोच वाटतो, आपण कोण बोलणार. शिवाय ही गोष्ट वापरून कर्मचाऱ्यांकडून भलत्या अपेक्षा करणारे साहेब मी पाहिले आहेत. 'ताजच्या लोकांनी गोळ्या खाल्ल्या आणि तुम्हाला डबल शिफ्ट जड जाते?' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मग २०२०. मार्चअखेर हॉटेल बंद झालं आणि बोर्डावर रोस्टर लागणं थांबलं. आधी कंत्राटी लोक गेले, मग यादी आली. वरून मजकूरही आला, तयार, इंग्रजीत, 'व्हॉट्सॲपवर पाठवावा' अशा सूचनेसह. मी २३ जणांना फोन केले. तीन दिवस लागले. मोठेपणाने सांगत नाही, मजकूर पाठवायचा धीर झाला नाही म्हणून केले. भांडुपच्या बाईंसारख्याच एक आमच्याकडे होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मॅडम, तुमचं काय?' मी म्हटलं, माझं अजून आहे. 'बरं झालं,' म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून ते अजून ऐकू येतं.

पुढच्या वर्षी हॉटेल भरायला लागलं तेव्हा त्याच यादीवरून परत फोन करायला सांगितलं गेलं. २३ पैकी सहा आले. एक जण कुडाळला काजूच्या कारखान्यात लागला होता, दोघं डिलिव्हरीची कामं करत होते. पगार कमी आहे रे, त्या दोघांतल्या एकाला मी म्हटलं. 'हो, पण ॲप बंद करता येतं,' तो म्हणाला. त्या वर्षअखेरीस मी सोडलं.

आता कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी मुलं विचारायला येतात, 'मॅम, शेवटी ते विचारतात ना, तुम्हाला काही प्रश्न आहेत का, तेव्हा काय विचारायचं?' मी सांगते, 'रोस्टर कोणत्या वारी लागतं ते विचारा. आणि लागल्यावर कोण बदलू शकतं, ते.' मुलं हसतात. त्यांना वाटतं, कंपनीच्या दृष्टीबद्दल वगैरे विचारावं.

यंदा एका मुलीने खरंच विचारलं. साताऱ्याची मुलगी आहे, जरा फटकळच. पलीकडे तिघे बसले होते. एक हसला, एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि मग तिसरा म्हणाला, 'डिपेंड्स.' बाहेर येऊन तिने मला हे सांगितलं आणि म्हणाली, मॅम, दुसरीकडे गुरुवार म्हणाले. पण इथे अडीच हजार जास्त आहेत. घरी कर्ज होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, घे.

जून संपता संपता तिचा मेसेज आला. रविवार होता, रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. फोनच्या स्क्रीनचा फोटो, त्यात सात चौकोन, पहिल्यात 'एम'. खाली तिने लिहिलं होतं, 'मॅम, आत्ता लागलं.'